शिरेतून की तोंडाने?
रुग्णालयात अँटिबायोटिक म्हटलं की सलाईनच हवं, गोळी म्हणजे हलका उपचार, असा समज पक्का आहे. तो बऱ्याचदा चुकीचा असतो. लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल, लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधं गोळीतूनही जवळजवळ पूर्ण रक्तात उतरतात. उलट शिरेतली सुई जितके दिवस राहील, तितका शीर सुजण्याचा आणि तिथूनच नवा जंतुसंसर्ग शिरण्याचा धोका वाढतो. शिवाय रुग्ण खाटेला जखडतो तो वेगळाच.

अर्थात सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था), मेंदूज्वर किंवा सतत उलट्या असतील तर सुरुवात शिरेतूनच. तिथे वाद नाही. पण ४८ ते ७२ तासांनी ताप उतरला, रुग्ण खाऊ लागला, तर गोळीवर यायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.