भिशीचं ॲप: चवथीपासून शिगम्यापर्यंत वापरल्यावर

आधी कामाचं सांगते. हे ॲप भिशीचा हिशेब ठेवतं, पैशाला हात लावत नाही. हप्ता यूपीआयवरून थेट ज्या बाईची पैसे उचलायची पाळी असेल तिच्या खात्यात जातो आणि ॲपमध्ये फक्त नोंद होते. आम्ही घेतलं ते एवढ्याचसाठी. दुसरं एक ॲप सगळ्यांचे पैसे आधी स्वतःकडे जमा करून घेणार होतं. म्हणजे तो चिट फंडच झाला, आणि चिट फंड चालवायचा तर १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, फोरमनचं, म्हणजे तो चालवणाऱ्याचं, कमिशनही ठरलेलं असतं: आधी जास्तीत जास्त ५ टक्के, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ७. तुमची नोंदणी कुठली, असं विचारल्यावर त्यांच्याकडून गोड गोड मेसेज आले, उत्तर आलं नाही. मग ते काढून टाकलं. आम्ही वापरतो त्याचं नाव लिहीत नाही, कारण या जातीची सगळी थोडीफार सारखीच आहेत आणि मला बोलायचंय ते त्यांच्या रचनेबद्दल.

आमची भिशी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरची. बारा जणी, महिन्याला दोन हजार, म्हणजे पाळीला चोवीस हजार. गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, सुरू झाली, या चवथीच्या तोंडावर संपेल. हिशेब माझ्याकडे.

ॲप करणाऱ्यांनी धरलंय की सगळ्या पाळ्या सारख्या, फार तर पहिली सगळ्यांत चांगली. आमच्याकडे तसं नाही. शेवटच्या पाळीवर सगळ्यांचा डोळा, कारण ते पैसे चवथीला हातात पडतात. त्याखालोखाल मे महिना: पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं असतं, मिरची, सुकी मासळी, सोलं, वर जूनमध्ये मुलांच्या शाळा. ऑक्टोबरची पाळी कुणालाच नको. म्हणून चिठ्ठ्या निघाल्या की खरी भिशी सुरू होते ती अदलाबदलीची. ‘वहिनी, तुझा मे मला दे गो, चेडवाची फी आहे.’ वहिनी दोन दिवस विचार करते आणि देते. ॲपमध्ये हीच अदलाबदल करायची तर बाराही जणींनी लिंक उघडून होकार द्यायचा. दोघींची अदलाबदल आणि बाकीच्या दहा कशाला? त्यातल्या दोघी तर लिंक म्हटली की उघडतच नाहीत, आणि शहाण्या आहेत त्या. शेवटी मी ‘गट संपादन’मध्ये जाऊन नावंच बदलली. म्हणजे मनात आणलं तर मी एकटी कुणाचीही पाळी हलवू शकते आणि कुणाला कळणारही नाही! जिथे सोय हवी तिथे कुलूप, आणि जिथे कुलूप हवं तिथे दार उघडं.

सोडतीचंही तेच. आतमध्ये रंगीत चक्र आहे, बोट लावलं की फिरतं आणि नाव दाखवतं. ते फिरलं माझ्या फोनवर, माझ्या बोटाने, आणि पहिल्याच फेरीत मे महिन्यावर माझ्या जावेचं नाव आलं. कुणी काही बोललं नाही. पण चहा सगळ्यांनी जरा लवकरच संपवला. मीच म्हटलं, हे रद्द. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, शेजारच्या पोराला बोलावलं, निघाली ती नावं ॲपमध्ये भरली. ‘सोडत बाहेर झाली’ असा एक साधा पर्याय दिला असता तर त्या चक्राची गरजच नव्हती.

आता तारीख. ॲपला पाच तारीख एके पाच तारीख. आमच्यात एकीचा पगार सातला, एकीचा दहाला. दोघी-तिघी गृह आधार या सरकारी योजनेचे पंधराशे खात्यात आले की त्यात पाचशे घालून हप्ता भरतात. एकीचा नवरा टॅक्सी चालवतो, पावसात धंदा नाही. एकीकडे काजूची बाग, म्हणजे मार्च ते मे हातात पैसा, एरवी जेमतेम. आमच्यातल्या एक काकी हातात पैसा होता तेव्हा तीन हप्ते एकदम भरायला तयार होत्या. ॲपने पुढचे दोन घेतलेच नाहीत, ‘जास्तीची रक्कम’ म्हणून बाजूला ठेवले आणि पुढच्या महिन्याच्या सहाला परत काकींनाच थकबाकीदार ठरवलं.

थकबाकीची पद्धत तर मला सगळ्यांत खटकली. सहा तारखेला सकाळी नऊला ॲप आपणहून सगळ्या गटाला संदेश पाठवतं: अमक्या यांचा हप्ता थकला आहे, नाव लाल अक्षरांत. नोव्हेंबरमध्ये असा संदेश गेला तेव्हा त्या बाईचा नवरा बांबोळीला गोमेकॉत, सरकारी इस्पितळात, ॲडमिट होता आणि तिचा हप्ता तिघींनी मिळून भरायचा हे आमचं आदल्या रात्रीच ठरलं होतं. ती त्यानंतर महिनाभर बैठकीला आली नाही. उशीर झाला की आधी हिशेबवालीने दारात जायचं, बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, ही आमची रीत. संदेश फक्त माझ्याकडे आला असता तर पुरे होतं. तसं सेटिंगच नाही, म्हणून सगळ्या सूचनाच बंद करून टाकल्या.

‘मागणी पाठवा’ हे बटण सुरुवातीला फार सोयीचं होतं. समोरच्या बाईच्या फोनवर मागणी जायची, तिने पिन घातला की झालं. एका मागणीला दोन हजारांची मर्यादा होती आणि आमचा हप्ता नेमका तेवढाच. फसवणुकीचे प्रकार फार वाढले म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाकडे अशी मागणी पाठवणं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केलं. ते बरोबरच झालं. पण ॲपमध्ये बटण पुढेही कितीतरी दिवस तसंच होतं, दाबलं की नुसतं गोल गोल फिरायचं. आता तिथे क्यूआर आलाय, तो चांगला चालतो.

रोख रकमेची नोंद ‘इतर’च्या आत लपवलीय. साध्या फोनवाल्या मावशी रोखच देतात, ती नोंद मी एकटीने करायची, त्यांच्या बाजूने होकार नाही. यूपीआयचा बारा आकडी नंबर हाताने भरावा लागतो आणि एकीने मागच्या महिन्याचाच परत भरला तरी ॲपने निमूट घेतला. हे वहीतही पकडता आलं असतं, आणि वहीतच पकडलं.

चांगलं काय? बेरीज कधी चुकत नाही. प्रत्येकीला आपलं पान दिसतं, त्यामुळे ‘माझा डिसेंबर भरला ना गो?’ हे फोन थांबले. मराठी अक्षर मोठं करता येतं, नेट नसलं तरी जुनी नोंद उघडते आणि पावसात लाइट गेल्यावर याची किंमत कळते. महिन्याचा तक्ता छापता येतो, तो मी देवळाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते.

बचत गटासाठी मात्र घेऊ नका. तिथे अंतर्गत कर्ज, बैठकीचा ठराव, बँकेला दाखवायचा इतिवृत्ताचा कागद असं सगळं असतं. यात त्यातलं काहीच नाही.

माझ्याकडून पाचपैकी तीन. पुढची भिशीही यावरच ठेवणार आहोत, सूचना बंद आणि चिठ्ठ्या डब्यात. सुरुवातीला फोनमधले सगळे नंबर वाचायची परवानगी मागतं, ती नाकारा. बाराजणींचे नंबर हाताने भरायला दहा मिनिटं लागतात, पुढे काही अडत नाही.