५८ सीसीचे चेनसॉ यंत्र: चेनच्या ताणाच्या अंगाने केलेले परीक्षण

वरुड-मोर्शी पट्ट्यात वाळलेल्या संत्र्याच्या बागा काढणे, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळी छाटणे आणि पावसाळ्याआधी घरचे इंधन कापून ठेवणे या कामांसाठी ५८ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे चेनसॉ यंत्र आता बऱ्याच शेतकऱ्यांकडे दिसते. हे यंत्र निरनिराळ्या नावांनी आणि रंगांनी विकले जाते, परंतु बाजूचे कव्हर उघडले की आतली घडण जवळपास सारखीच निघते. त्यामुळे येथे एखाद्या नावाचे गुणदोष सांगण्यापेक्षा या संपूर्ण वर्गाविषयी लिहिणे अधिक योग्य वाटते. इंजिनची ताकद, पेट्रोलचा खप आणि वजन यांविषयी विक्रेते भरपूर बोलतात. चेनचा ताण तपासायचा कसा आणि बसवायचा कसा, याविषयी मात्र दुकानात सहसा कोणी अवाक्षर काढत नाही, आणि यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपत्रकातील चित्रे इतकी बारीक असतात की त्यांतून नवख्या माणसाला काही उमगणे कठीण आहे. वर्षभर वापर झाल्यावर माझे मत असे झाले आहे की हे यंत्र टिकणार की भंगारात जाणार, हे इंजिनपेक्षा चेनच्या ताणावरच ठरते.

इंजिनविषयी थोडक्यात सांगतो. ते टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच चालवावे लागते, आवाज आणि हादरे भरपूर आहेत, पण संत्र्याचे जुने खोड किंवा हातभर जाडीची बाभूळ कापताना ताकद कमी पडत नाही. किंमत दहा हजारांच्या आत आहे, तर नावाजलेल्या परदेशी कंपन्यांची यंत्रे दुपटीहून महाग पडतात. माझ्या यंत्राला २० इंची पट्टी (जिच्या कडेवरून चेन फिरते ते लांब पाते) आहे, तिच्यावर ०.३२५ इंच पिचची (लगतच्या रिव्हेटांमधले सरासरी अंतर), ०.०५८ इंच गेजची (ड्राइव्ह लिंकची जाडी) आणि ७६ ड्राइव्ह लिंकची (पट्टीच्या खाचेत चालणारे चेनचे खालचे दात) चेन बसते. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत, कारण चेन घ्यायला गेल्यावर केवळ "वीस इंची द्या" म्हटले तर चुकीची चेन हाती पडण्याची शक्यता बरीच असते.

आता मुख्य मुद्दा. पट्टी दोन बोल्टांवर बसते आणि तिच्या मागच्या भागातील एका लहान छिद्रात ताणाच्या स्क्रूची पिन अडकते. स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की पिन पुढे सरकते, तिच्याबरोबर पट्टी पुढे जाते आणि चेन ताणली जाते. उलट फिरवला की चेन सैल होते. रचना सोपी आणि भरवशाची आहे. तक्रार आहे ती स्क्रूच्या जागेविषयी. या वर्गातील बहुतेक यंत्रांत तो समोरून, पट्टी आणि लाकडाला टेकणारे लोखंडी काटे यांच्या मधल्या सांदीत असतो. तेथे पेचकस घालताना हात चेनच्या दातांजवळ जातो, आणि सांदीत भुसा व ऑइल यांचा लगदा साचल्यामुळे स्क्रूची खाच दिसतही नाही. सोबत मिळणाऱ्या पान्याची एक बाजू कव्हरच्या नटासाठी चांगली आहे, परंतु त्याचे पेचकसाचे टोक माझ्या यंत्राच्या खाचेत नीट बसत नव्हते. लांब दांड्याचा वेगळा पेचकस घेतल्यावर काम सुकर झाले. ज्या यंत्रांत हा स्क्रू कव्हरच्या बाजूला दिलेला असतो, ती थोडी महाग असली तरी घ्यावीत. काही महागड्या यंत्रांत पान्याशिवाय, हाताने चक्र फिरवून ताण बसवता येतो. सोय उत्तम आहे, मात्र एवढ्या एका गोष्टीसाठी साध्या शेतकऱ्याने तेवढे पैसे घालावेत असे मला वाटत नाही.

ताण बसवण्यापूर्वी यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे, स्विच बंद स्थितीत आहे याची खात्री करावी आणि शक्यतो स्पार्क प्लगची टोपीही काढून ठेवावी. हातात चामडी मोजे असावेत, कारण बंद यंत्राची चेनसुद्धा बोट चिरू शकते. चेन ब्रेकची मूठ मागे, म्हणजे चालवणाऱ्याकडे ओढून ब्रेक मोकळा करावा. ब्रेक लागलेला असेल तर चेन हाताने फिरणार नाही. या यंत्रांत ब्रेकचा पट्टा कव्हरच्या आतच असतो, त्यामुळे ब्रेक लावलेल्या स्थितीत कव्हर काढले तर पट्टा आकसलेला राहतो आणि नंतर क्लचच्या डब्यावर कव्हर काही केल्या बसत नाही. आमच्या भागातील दुरुस्तीच्या दुकानांत "कव्हर बसून नाही राहिलं" म्हणून येणाऱ्या यंत्रांपैकी कित्येकांचे दुखणे एवढेच असते.

यानंतर कव्हरवरचे दोन्ही नट हाताने फिरतील इतके ढिले करावेत. ते पूर्ण काढण्याची गरज नाही. पट्टीचे टोक एखाद्या ओंडक्यावर टेकवून किंवा हाताने धरून वर उचललेले ठेवावे आणि त्याच स्थितीत स्क्रू हळूहळू फिरवावा. नजर पट्टीच्या खालच्या कडेवर असावी. सैल चेन तेथे झोळ घेऊन लोंबत असते. तो झोळ संपून चेन खालच्या कडेला जेमतेम टेकली की थांबावे. टोक उचललेलेच ठेवून दोन्ही नट घट्ट आवळावेत.

टोक उचलण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि "आत्ताच तर कसली होती, पुन्हा ढिली झाली" या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा तिच्यात सापडते. बोल्ट आणि पट्टीची खाच यांच्यात थोडी मोकळीक असतेच. पट्टीच्या खालच्या बाजूने लाकूड कापताना लाकडाचा रेटा पट्टीला वर ढकलतो. ताण बसवताना टोक खाली झुकलेले राहिले असेल, तर पहिल्याच कापाला पट्टी ती मोकळीक खाऊन वर सरकते आणि बसवलेला ताण निघून जातो.

बसवलेला ताण योग्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी पट्टीच्या वरच्या बाजूला मध्यावर चेन चिमटीत धरून उचलावी. ड्राइव्ह लिंक काही अंशी वर आले पाहिजेत, पण पूर्णपणे बाहेर पडता कामा नयेत. सोडल्याबरोबर चेन झटकन जागेवर बसली पाहिजे. त्यानंतर पट्टीच्या वरून चेन टोकाच्या दिशेने ओढून संपूर्ण एक फेरा पूर्ण करावा. ती सगळीकडे सारख्या जोराने फिरली तर ताण बरोबर आहे. एखाद्या ठिकाणी अडकत असेल तर त्या जागेला अनुसरून ताण किंचित कमी करावा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी वाढलेली नसते. वरुडला मला यंत्र दाखवणाऱ्या मिस्त्रींनी हेच वऱ्हाडीत चार शब्दांत सांगितले होते: "आंधी ओढून पाहा भाऊ, मंग कसा." माहितीपत्रकाच्या चार पानांपेक्षा ते अधिक उपयोगी पडले.

ताण चुकल्याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात, पण ते सारख्या वेगाने दिसत नाहीत. सैल चेन पट्टीवरून उतरते, स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) आपटून तिच्या ड्राइव्ह लिंकांना बारीक खरबरीत कडा उठतात आणि मग तीच चेन पट्टीच्या खाचेत शिरत नाही. हे लगेच कळते. फार घट्ट चेन मात्र गाजावाजा न करता नुकसान करते: पट्टीच्या कडा तापून निळसर पडतात, टोकाच्या चक्राचे बेअरिंग झिजते, क्लचवर भार येतो आणि पेट्रोल जास्त जाते. उतरण्याच्या भीतीने चेन गच्च आवळून ठेवणारे मजूर मी अनेक पाहिले आहेत, आणि त्यांच्या पट्ट्या लवकर बदलाव्या लागतात.

उन्हाळ्यात विदर्भात हा प्रश्न अधिक बिकट होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात ठेवलेले यंत्र काम सुरू होण्याआधीच तापलेले असते. पोलाद दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर प्रसरण पावते. ७६ लिंकची चेन साधारण सव्वा मीटर लांब भरते, म्हणून घर्षणाने ती १०० अंशांनी तापली तर दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते. आकडा किरकोळ वाटला, तरी पट्टीखाली झोळ पडायला तेवढे पुरते. काम चालू असताना चेन अशी वाढली तर शक्यतो यंत्र सावलीत ठेवून, चेन निवल्यावर पुन्हा तपासावे. काम थांबवणे शक्यच नसेल आणि तापलेल्या चेनचाच ताण वाढवला असेल, तर दिवसाचे काम संपताच तो कमी करणे अत्यावश्यक आहे. नाहीतर रात्री थंड होताना चेन आकसते आणि तिचा सगळा ओढा पट्टीवर, क्रँकशाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर येतो. सकाळी चेन हाताने हलत नाही म्हणून इंजिन जाम झाले असे समजून यंत्र दुकानात आणणारे शेतकरी याच कारणाने येतात.

मात्र चेन वारंवार सैल होत असेल तर दोष ताणाचाच असेल असे नाही. बाभळीचे वाळलेले लाकूड कमालीचे कठीण असते, संत्र्याच्या बुंध्याला काळी माती चिकटलेली असते, आणि धुऱ्यावरच्या कडुनिंबात तर जुन्या कुंपणाची काटेरी तार खोडात पार गिळली गेलेली सापडते. यांतल्या कशानेही दातांची धार जाते. धार गेली की यंत्रातून लाकडाच्या ढलप्यांऐवजी पीठ पडू लागते, चालवणारा जोर लावतो, चेन तापते आणि लोंबते. अशा वेळी स्क्रूला हात लावण्याआधी ०.३२५ पिचच्या चेनला चालणाऱ्या ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशीने प्रत्येक दाताला सारखे फटके द्यावेत. दाताचा हा वळलेला आकार अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून सुचवला, आणि आजही जवळपास प्रत्येक चेन त्याच कल्पनेवर चालते; बोथट झाला की तो कापत नाही, घासतो.

दुसरे कारण ऑइलचे. चेनला ऑइल पंपाने आपोआप मिळते, परंतु पट्टीचे छिद्र भुशाने बुजले की ते थांबते. पट्टीचे टोक कोरड्या पुठ्ठ्याजवळ धरून यंत्र थोडे रेस केले आणि पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली, तर पुरवठा ठीक आहे. आमच्याकडे पैसे वाचवण्यासाठी ट्रॅक्टरचे जळके ऑइल टाकण्याची पद्धत सर्रास आहे. त्यातील धातूचे कण पंप आणि पट्टी दोन्ही खातात, तेव्हा ती बचत खोटी आहे.

नवी चेन पहिल्या काही कापांत हमखास सैल होते, कारण तिचे रिव्हेट आणि लिंक अजून जागेवर बसायच्या असतात. यात बिघाड काही नाही. ती आधी ऑइलमध्ये भिजवून घ्यावी, हलक्या कामापासून सुरुवात करावी आणि सुरुवातीला थोड्या थोड्या वेळाने ताण पाहावा. यंत्रासोबत मिळालेली चेन मला सुमार वाटली. तिला ताण धरवत नव्हता आणि धारही टिकत नव्हती. चांगल्या प्रतीची चेन बसवल्यावर तेच यंत्र बदलल्यासारखे चालले, म्हणून किमतीचा हिशेब करताना एका चेनचे पैसे त्यात धरावेत. स्क्रू शेवटापर्यंत फिरवूनही झोळ जात नसेल तर चेन संपली असे समजून बदलावी, आणि दोन चेन झिजल्यावर स्प्रॉकेटही तपासावे, कारण झिजलेले स्प्रॉकेट नव्या चेनला काही दिवसांतच जुनी करते.

सर्वांत कच्चा भाग म्हणजे ताणाची पिन. पट्टी काढून पुन्हा बसवताना पिन छिद्रात अडकली नाही आणि तसेच नट आवळले, तर पिन वाकते किंवा कव्हरला खड्डा पाडते. पट्टी बसवण्यापूर्वी स्क्रू पुरेसा मागे घ्यावा, पिन छिद्रात शिरल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि मगच नट लावावेत. भाग स्वस्त आहे, पण तालुक्याच्या गावात तो हमखास मिळेल असे नाही. संत्र्याच्या हंगामात अशा पाच रुपयांच्या पिनेपायी यंत्र आठवडाभर पडून राहते.

वर्षातून काही दिवस वाळकी झाडे आणि इंधन कापायचे आहे आणि दर थोड्या वेळाने यंत्र थांबवून चेन ओढून पाहण्याची तयारी आहे, अशा शेतकऱ्याला हे यंत्र पैसेवसूल ठरेल. भाड्याने रोज वेगवेगळ्या हातांत यंत्र द्यायचे असेल तर मी ते सुचवणार नाही. तेथे बाजूला स्क्रू असलेले, सुटे भाग सहज मिळणारे महाग यंत्रच परवडते. घेताना दुकानदाराला तेथेच कव्हर उघडायला लावावे, स्क्रू दोन्ही दिशांनी फिरवून पिन सुरळीत सरकते का ते पाहावे आणि स्क्रू-पिनेचा जादा संच त्याच बिलात मागावा. संच ठेवत नाही असे उत्तर आले, तर दुसरे दुकान पाहावे.