मॅड रिव्हर ग्लेन की स्टो? बॉस्टनला लेकीकडे निघालेल्या पुणेकरांसाठी

हिवाळ्यात लेक-जावयाकडे जाणारे पुणेकर हमखास विचारतात, "स्कीइंग करायचं तर कुठे?" व्हरमाँट राज्यातली ही दोन्ही ठिकाणं बॉस्टनहून गाडीने साधारण तीन-साडेतीन तासांवर.

स्टो २०१७ पासून व्हेल रिसॉर्ट्स (Vail) या स्की-रिसॉर्ट चालवणाऱ्या कंपनीकडे आहे. गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे), कृत्रिम बर्फाची भरपूर सोय, शिकाऊंसाठी स्प्रूस पीकचे सौम्य उतार. त्याच कंपनीचा एपिक पास (हंगामी पास) आधीच काढलेला असेल तर परवडतं. ऐनवेळी खिडकीवर तिकीट काढायला गेलात तर डोळे पांढरे होतात.

मॅड रिव्हर ग्लेनची गंमत वेगळीच. १९९५ पासून ते चक्क सहकारी तत्त्वावर चालतं आणि मालक म्हणजे स्कीइंग करणारेच. शेअर घ्या, मत द्या. आपल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आठवली ना? (तिथे निदान पाण्याच्या टाकीवरून भांडण नसावं.) १९४८ ची एकेकट्याने बसायची खुर्ची-लिफ्ट मोडीत न काढता २००७ मध्ये नव्याने उभी केली. माणसं मोजकीच वर जातात, म्हणून उतारावर गर्दी होत नाही. खाली रांग मात्र लागते. स्नोबोर्डला (एकाच रुंद फळीवर उभं राहून घसरायला) साफ बंदी. बर्फ बहुतेक आभाळातून पडेल तेवढाच. हिवाळा कोरडा गेला की पंचाईत. वाटा अरुंद, झाडांमधून जाणाऱ्या, उंचसखल.

पहिल्यांदाच स्की बांधणार असाल तर निमूटपणे स्टो. दोन-तीन हंगाम झालेल्या जावयाला मात्र मॅड रिव्हरलाच पिटाळा, शक्यतो ताजा बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी.