अकरा महिन्यांनंतर: ओपन सोर्स वेबसाइट करून घेतल्याचा अनुभव

आमची संस्था लहान आहे. पगारी माणसं मोजकी, बाकी सगळे स्वयंसेवक, आणि वेबसाइटची जबाबदारी माझ्याकडे. मी प्रोग्रॅमर नाही. अकरा महिन्यांपूर्वी आम्ही जुनी साइट सोडून ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, नवी करून घेतली. करून देणाऱ्यांचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते अशा कुठल्याही सेवेला लागू पडतं.

जुनी साइट एका तयार ऑनलाइन बिल्डरवर होती. चालवायला सोपी, पण सोडायची वेळ आली तेव्हा कळलं की आपलाच मजकूर धडपणे बाहेर काढता येत नाही. सात वर्षांचे अहवाल आम्ही दोघांनी पंधरा दिवस बसून कॉपी-पेस्ट केले. फोटोंखालच्या ओळी, तारखा, सगळं हाताने. तेव्हाच ठरवलं, पुढच्या साइटवरून उद्या निघायचं झालं तर सामानासकट निघता आलं पाहिजे.

नव्या लोकांचं पहिलं काम मला मनापासून आवडलं. त्यांनी आधी विचारलं, 'मजकूर कोण टाकणार? किती जण? कोणी तपासून मग प्रसिद्ध करायचं का?' मी ड्रुपल या वेबसाइट चालवायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं नाव ऐकून गेलो होतो. त्यांनी सांगितलं की अनेक शाखा, अनेक संपादक आणि मंजुरीचे टप्पे असतील तर ड्रुपल उत्तम, पण तुम्हा दोघांना ते जड जाईल. शिवाय ड्रुपल ७ या जुन्या आवृत्तीला मिळणारा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, तेव्हा जुन्या साइटवाल्यांना नुसतं अपडेट करून भागलं नाही, सगळा मजकूर नव्या रचनेत हलवावा लागला. एवढं मनुष्यबळ आमच्याकडे नाही. म्हणून वर्डप्रेस, त्याच कामाचं पण सोपं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. आमच्याबरोबरच्या एका शाळेला त्यांनी मूडल हे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर बसवून दिलं, कारण तिथे स्वाध्याय आणि गुण हेच मुख्य काम. संस्था बघून साधन सुचवणारी माणसं भेटली, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

वर्डप्रेस २००३ पासून जीपीएल परवान्यावर आहे. म्हणजे कोड वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, कोणाची परवानगी लागत नाही. पण हा हक्क कागदावर असून भागत नाही, हे मला तिसऱ्या महिन्यात उमगलं. होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवतात त्या जागेचं, खातं संस्थेच्या नावावर होतं, डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) मात्र साइट करून देणाऱ्यांच्या खात्यात. मागितल्यावर दोन दिवसांत आमच्याकडे दिलं, तक्रार नाही. पण मीच मागितलं नसतं तर? करार करतानाच डोमेन, होस्टिंग, मुख्य ॲडमिनचा पासवर्ड आणि आपल्यासाठी लिहिलेल्या कोडची प्रत, या चार गोष्टी संस्थेच्या ताब्यात घ्या.

बॅकअपचा धडा जास्त महाग पडला असता. रोज रात्री बॅकअप होतो, असं आम्हाला सांगितलं होतं आणि तो होतही होता. पाचव्या महिन्यात मी हट्ट धरला की एकदा त्या बॅकअपमधून रिकाम्या जागी साइट उभी करून दाखवा. उभी राहिली. मजकूर सगळा जागेवर, आणि प्रत्येक फोटोच्या जागी तुटलेली चौकट. बॅकअप फक्त डेटाबेसचा होता. वर्डप्रेसमध्ये मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, फोटो आणि पीडीएफ अपलोड्सच्या फोल्डरमध्ये. ते फोल्डर कोणी जोडलंच नव्हतं. त्यांनी चूक कबूल केली, त्याच दिवशी दुरुस्त केली. पण त्या चौकटी बघताना माझ्या पोटात गोळा आला होता.

आणखी एक. आमचं मुखपृष्ठ त्यांनी एका पेज बिल्डर प्लगइनवर, म्हणजे पानं सजवायला वर्डप्रेसला वरून जोडलेल्या सॉफ्टवेअरवर, बांधलं होतं. चाचणीच्या प्रतीवर तो बंद केला, तर पानभर चौकटी कंसांतले कोड उरले, मजकूर त्यांच्यात अडकलेला. ओपन सोर्समध्येही माणूस असा अडकतो. आता सगळी पानं वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक एडिटरमध्ये आहेत. देखणेपण थोडं कमी झालं, मला चालतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वर्डप्रेसमध्ये शीर्षक मराठी असलं की पानाचा वेबपत्ताही मराठीतून तयार होतो. पत्त्याला जागा २०० अक्षरांची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह आतून टक्क्याच्या (%) खुणा असलेल्या सांकेतिक रूपात साठवलं जातं, त्यामुळे ते त्यातली नऊ खातं. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं. 'वार्षिक सर्वसाधारण सभेचा वृत्तांत' असं शीर्षक दिलं की पत्ता 'सभेचा'पाशीच संपतो, 'वृत्तांत' गायब. दुसऱ्या वर्षीचा वृत्तांत टाकला की जवळपास तोच पत्ता, मागे आकडा जोडलेला. प्रसिद्ध करण्याआधी छोटा पत्ता हाताने भरायचा, ही सवय आम्ही लावून घेतली आहे.

सॉफ्टवेअर फुकट असलं तरी देखभाल फुकट नसते. प्लगइनचे अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर, मग खऱ्या साइटवर, असं दर महिन्याला करावं लागतं. हे अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. आम्ही धरलं नव्हतं, म्हणून दोन महिने अपडेट रखडले आणि देणगीचा फॉर्म एक आठवडा बंद राहिला. उत्तरं द्यायला ते कधी कधी तीन-चार दिवस घेतात, हीच माझी त्यांच्याबद्दलची खरी नाराजी.

तरीही करार पुढे चालू ठेवतोय, फक्त देखभालीपुरता. नव्या करारात सहा महिन्यांतून एकदा साइट रिकाम्या जागी उभी करून दाखवायची अट घातली आहे. पुढच्या खेपेला ते काम माझी सहकारी करणार आहे, मी लिहून ठेवलेल्या पायऱ्या बघून, आणि मी तिच्या शेजारी बसणार नाही.