लँगरची कमान: कापावी की बाजूला सारावी?

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढताना पाठीच्या लॅटिसिमस डॉर्साय स्नायूकडून छातीच्या पेक्टोरॅलिस मेजरकडे, काखेतल्या मोठ्या शिरेवरून म्हणजे ॲक्झिलरी व्हेनवरून आडवा गेलेला मांसल पट्टा समोर आला, की दोनच वाटा उरतात: रिट्रॅक्टरने बाजूला धरून काम करायचं, नाहीतर कापायचा. शरीररचनातज्ज्ञ लँगरने १८४६ साली वर्णन केलेली ही कमान १०० पैकी साधारण ७ जणांत असते. स्तनाच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्याला ती भेटणारच.

सुरुवातीची काही वर्षं मी ती राखत असे. गाठी काढायला आलोय, स्नायू कशाला तोडा? शिवाय तिची नर्व्ह बहुधा पेक्टोरल, कधी लॅटिसिमसला जाणाऱ्या थोरॅकोडॉर्सलची फांदी. ती उगाच का दुखवायची? पट्टा बारीक असेल आणि सेंटिनल गाठ (कर्करोग पसरला तर आधी जिथे पोहोचतो ती) खालीच सापडली असेल, तर आजही मी त्याला हात लावत नाही.

रुंद कमानीचं मात्र वेगळं. टेबलावर हात ९० अंशांत बाहेर घेतलेला, त्यामुळे पट्टा ताठ. सहायकाने कितीही नीट धरला तरी थोड्या वेळाने त्याचा हात सैलावतो आणि पट्टा परत व्हेनवर येऊन बसतो. बाहेरच्या बाजूच्या गाठी नेमक्या त्याच्याआड. एकदा गॅमा प्रोब (सेंटिनल गाठीत साठलेलं किरणोत्सारी द्रव्य हुडकणारं यंत्र) स्पष्ट वाजत होता, पण रंगद्रव्याने निळी झालेली गाठ काही दिसेना. अर्धा तास खालची चरबी चाळली. शेवटी पट्टा कापला; गाठ त्याच्या मागेच होती. तिथे माझं मत फिरलं.

आणखी एक धोका आहे, आणि तो जास्त गंभीर. कमानीची कड लॅटिसिमसची समजून तिच्यामागे वर गेलात, तर व्हेन ओलांडून ब्रेकियल प्लेक्ससपाशी, म्हणजे हाताला जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्यापाशी पोहोचाल. म्हणून आधी लॅटिसिमसची खरी कड खालून वर शोधत या, थोरॅकोडॉर्सल नर्व्ह आणि रक्तवाहिन्या डोळ्यांनी पाहा, मग कमान व्हेनपासून उचलून तोडा. रक्त फारसं येत नाही.

कापल्यावर खांद्याची ताकद गेली, असं माझ्या एकाही रुग्णाने सांगितल्याचं आठवत नाही. मोजमाप केलेलं नाही, तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. पण राखलेला रुंद पट्टा हात वर करताना व्हेन दाबू शकतो, आणि गाठी काढलेल्या हाताला सुजेचं आणखी एक कारण द्यावंसं मला वाटत नाही. रुंद कमान दिसली, की आता मी सिस्टरकडे दुसरा रिट्रॅक्टर मागत नाही, बायपोलर (विजेने रक्तवाहिन्या बंद करणारा चिमटा) मागतो.