गोड पाण्याची गळती आणि गेलेले ब्राँझचे सीकॉक

गोव्यातील मांडवी नदीत रायबंदरच्या समोर माझी २८ फुटांची फायबरची शिडाची होडी नांगरलेली असते. पावसाळ्यानंतर ती पाण्यात उतरवली आणि महिन्याभरातच तिच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, रोज सकाळी बादलीभर पाणी दिसू लागले. जेटीवर ओळख झालेल्या एका कारागिराने दहा मिनिटे आत डोकावून सांगितले, "साहेब, सगळे सीकॉक गेलेत. रात्रीतून होडी बुडेल." घाबरलेल्या माणसाला दुसरे काही सुचत नाही, मी त्याच दिवशी ६०,००० रुपये रोख आगाऊ दिले.

सीकॉक म्हणजे होडीच्या तळातून समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या किंवा सांडपाणी बाहेर सोडणाऱ्या भोकावरचा बंद-चालू करण्याचा वॉल्व. भोक दीड इंची आणि पाण्याच्या पातळीखाली दोन फूट असेल, तर तो तुटल्यावर मिनिटाला शंभराहून अधिक लिटर पाणी आत येते. खोक्यावर ताशी ११०० गॅलन लिहिलेला पंप मिनिटाला जेमतेम ७० लिटर फेकतो, तेही पाणी उंच चढवायचे नसेल तरच. पाइप लांब आणि आतून खाचांचा असेल तर त्याहून कमी. त्यामुळे सीकॉकबाबत कोणी भीती घातली, की ती खरीच वाटते.

त्याने चारही सीकॉक बदलले, नवा पंप बसवला आणि एकूण ८६,५०० रुपये घेतले. होडी वर ओढून काम चालले होते ते तीन दिवस त्याने मला आत येऊ दिले नाही. पक्के बिल मागितल्यावर "नंतर देतो" म्हणाला. जुने सीकॉक कुठे आहेत, असे विचारले तेव्हा "भंगारात टाकले" एवढेच उत्तर मिळाले. होडी पुन्हा पाण्यात आली आणि दुसऱ्याच सकाळी बिल्जमध्ये बादलीभर पाणी होते. आता प्रॉपेलरच्या शाफ्टचे काम काढावे लागेल, त्याला आणखी ४०,००० लागतील, असे तो म्हणू लागला, तेव्हा मी मालीमच्या मच्छीमार जेटीवरील एका वयस्कर मिस्त्रींना घेऊन आलो.

त्यांनी हत्याराला हातही न लावता विचारले, "पाणी चाखून पाहिलंत का?" बोट बुडवून जिभेला लावले, तर पाणी गोड होते. नोव्हेंबरात त्या ठिकाणची मांडवी खारी असते; म्हणजे हे पाणी बाहेरून येतच नव्हते. मग सगळे नळ बंद करून आम्ही पाच मिनिटे गप्प बसलो. नळांना दाब देणारा छोटा पंप, कोणी नळ उघडलेला नसताना, एकदा खरखरून थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. त्यांनी वर्तमानपत्राची कोरडी पाने एकेका जोडाखाली सरकवली. सिंकखालच्या जोडाचे पान ओले झाले. क्लिप सैल होती. माझी १०० लिटरची टाकी आठवड्यात रिकामी होत होती, हे मी पाहिले होते, पण तो वापर पाहुण्यांचा असेल असे मी धरून चाललो होतो. नवी क्लिप ६० रुपयांत आली.

इथे प्रकरण संपले असते, तर मी हे लिहिलेही नसते. मे महिन्यात पावसाळ्याआधी होडी वर काढली, तेव्हा त्याच मिस्त्रींनी नव्या सीकॉकवर चाकू खरवडला. पिवळ्या धातूखाली गुलाबी, चुरगळल्यासारखा थर दिसला. ब्राँझ म्हणून विकलेले ते वॉल्व साधे पितळी होते, घराच्या नळजोडणीसाठी मिळतात तसले. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त झिजून जाते आणि सच्छिद्र, ठिसूळ तांबे मागे उरते. एका वॉल्वचा दांडा पान्याने फिरवताच मोडून हातात आला. माझे जुने सीकॉक जड, अस्सल ब्राँझचे होते आणि भंगारातही ब्राँझला चांगला भाव मिळतो. ते का गायब झाले, याविषयी मला आता शंका राहिलेली नाही. एका सैल क्लिपसाठी माझी सुरक्षित होडी त्याने खरोखरच धोकादायक करून ठेवली, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

नव्या पंपाचे खरे रूपही त्याच वेळी कळले: वायर मोटारगाडीची होती, कलई नसलेली, आणि इन्सुलेशन सोलल्यावर आतले तांबे काळे पडलेले दिसले.

रोखीचा व्यवहार आणि बिलाचा अभाव यांमुळे तक्रार करणे अवघड झाले आहे. तरी त्याच्याशी झालेले मोबाइलवरील संदेश, होडीची छायाचित्रे आणि मोडलेला वॉल्व मी जपून ठेवला आहे. ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत दाद मागता येते आणि आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कोणाच्याही होडीत पाणी दिसले, तर आधी ते चाखा. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या पिशवीत ठेवा. त्याने बसवलेल्या चार पितळी वॉल्वपैकी तीन अजून माझ्याकडे आहेत. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असतील, त्यांना मी ते खरवडून दाखवेन.