एअर फ्रायरमधलं एडामामे : हिरव्या सोयाबीनची चार पाकिटं संपवल्यावर

पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘एडामामे’ लिहिलं होतं. फोडून पाहिलं तर सोयाबीन! हिरवं, कोवळं, सोललेलं सोयाबीन. मी औसा तालुक्यातली. माहेरी धाकटा भाऊ आजही सहा एकरांत सोयाबीनच घेतो. महालक्ष्म्यांच्या सुमारास शेंगा भरतात, तेव्हा बांधावर उभं राहिलं की नजर जाईल तिथपर्यंत हेच हिरवं रान. पण ते हिरवं असताना कुणी खाल्लेलं मी लहानपणी पाहिलं नाही. तुरीच्या शेंगा उकडायच्या, हरभऱ्याचे सोलाणे खायचे, ज्वारीचा हुरडा भाजायचा. सोयाबीन मात्र वाळलं की मळणी करून थेट अडतीवर. जपानी माणसं ते कोवळेपणीच खातात. ‘एदा’ म्हणजे फांदी, ‘मामे’ म्हणजे शेंगेतला दाणा. मिठाच्या पाण्यात अख्ख्या शेंगा उकडतात, शेंग ओठांत धरून दाणे ओढून घेतात आणि लव असलेलं टरफल टाकून देतात.

मी हे पाकीट आणलं ते लेकीसाठी. ती खो-खो खेळते, संध्याकाळी सहाला मैदानावरून येते तेव्हा भुकेने कासावीस असते, आणि आमचं घर शाकाहारी. शिजलेल्या १०० ग्रॅम एडामामेत साधारण ११-१२ ग्रॅम प्रथिनं असतात. मटारात त्याच्या निम्मीही नसतात. चव मटारासारखी गोडसर, पण शेवटी ओल्या शेंगदाण्याकडे झुकणारी. मला पहिल्याच घासाला आवडली.

पहिला घाणा मात्र पार बिघडला. फ्रीजरमधून काढलेले दाणे तसेच एअर फ्रायरमध्ये ओतले, २०० अंशांवर १० मिनिटं ठेवले. बाहेर आले ते सुरकुतलेले, मऊ, गिळगिळीत. कारण नंतर लक्षात आलं. एअर फ्रायर म्हणजे वर तापणारी कॉइल आणि तिच्यामागे जोरात फिरणारा पंखा. तो दाण्याभोवती गरम हवा फिरवतो. दाण्यावर बर्फ असेल तर सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते. तोवर दाणा वाफेवर शिजत राहतो आणि कुरकुरीत व्हायची वेळ निघून जाते.

म्हणून आता मी दाणे तासभर चाळणीत काढून ठेवते आणि मग सुती पंचावर पसरते. वरून दुसरा पंचा टाकून तळहाताने हलकेच फिरवायचं, गव्हाला पाणी लावल्यावर पुसतो तसं. या फिरवण्यात काही दाण्यांची पातळ पारदर्शक सालं सुटतात. ती वेचून काढाच. मी एकदा आळस केला, तर सालं पंख्याच्या वाऱ्याने उडून वर कॉइलला चिकटली आणि स्वयंपाकघरभर जळका वास सुटला. पुसून झाल्यावर पंख्याखाली अजून २० मिनिटं. दाणा बोटांत धरला की कोरडा, किंचित खरखरीत लागला पाहिजे. सगळी मेहनत आहे ती इथेच. पुढचं काम यंत्र करतं.

अडीचशे ग्रॅम दाण्यांना एक चमचा शेंगदाणा तेल. तेल अजिबात न घालताही करून पाहिलं. दाणे कोरडे ठक्क होतात आणि मसाला टोपलीच्या तळाशी जाऊन बसतो. एअर फ्रायर ३ मिनिटं तापवून घेते, मग १९० अंशांवर १५ मिनिटं, दर ५ मिनिटांनी टोपली हलवून. माझा एअर फ्रायर चार लिटरचा आहे, त्यात अडीचशे ग्रॅमच्या वर घालत नाही. दाण्यांचा एकच थर हवा. अर्धा किलो एकदम घातलं तर वरचे करपतात आणि खालचे ओलेच राहतात.

झाले की नाही हे मी घड्याळापेक्षा कानाने ओळखते. पहिल्यांदा टोपली हलवली की दाणे धप्प धप्प पडतात. दुसऱ्यांदा आवाज जरा हलका होतो. तिसऱ्यांदा ते खडखडतात, वाळलेल्या शेंगा पोत्यात हलवल्यासारखे. तो आवाज आला की काढायचे. तेव्हा कडा तपकिरी असतात, काही दाणे मधोमध उकललेले असतात आणि आतला गर अजून हिरवा असतो. वजन करून पाहिलं तर अडीचशे ग्रॅमचे जवळपास १३० ग्रॅम उरले होते, बाकी सगळं पाणी.

मसाला नेहमी नंतर, दाणे गरम असतानाच. तिखट आधी घातलं तर १९० अंशांवर ते काळं पडतं आणि कडवट लागतं. लसणाच्या पुडीचंही तेच. आमच्या घरी सगळ्यांत जास्त चाललं ते मेतकूट. एक चमचा मेतकूट, चिमूटभर मीठ, थोडा आमचूर. आईने दिलेला येसूर मसाला टाकला तेव्हा आमचे हे म्हणाले, “हे जेवायला पण वाढ, भाकरीबरोबर.” खरंच वाढलं, आणि छान लागलं.

आता उणं काय ते सांगते. हे दाणे टिकत नाहीत. बाहेरून कुरकुरीत असले तरी आत ओलावा असतोच, तो हळूहळू बाहेर येतो आणि दोन तासांत दाणे चिवट होतात. लेकीच्या डब्यात दिले, संध्याकाळी तसेच परत आले. “आई, हे रबरासारखं झालंय,” म्हणाली. १८० अंशांवर ३ मिनिटं परत फिरवले की सुधारतात, पण ते घरीच शक्य. तेव्हा करायचे आणि लगेच खायचे.

दुसरं, पाकीट घेताना हाताने चाचपून बघा. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. माझं तिसरं पाकीट घरपोच आलं तेव्हा आत बर्फाचा एकच गोळा होता, म्हणजे वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं. त्यातले निम्मे दाणे हातात घेताच चुरगळत होते. मी तक्रार केली, पैसे परत मिळाले. पण त्या दिवशी खेळून आलेल्या पोरीपुढे काय ठेवायचं, हा प्रश्न राहिलाच.

तिसरी गोष्ट किंमत, आणि ती मला मनापासून लागली. अर्धा किलोला मी २६० रुपये मोजले, म्हणजे किलोला ५२०. पाकिटामागे बारीक अक्षरांत मूळ देश चीन. २०२५-२६च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ५३ रुपये, आणि भावाचं सोयाबीन त्याहूनही खाली गेलं. फोनवर त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, आपलं सोयाबीन इकडं मातीमोल जायलंय अन् तू तिकडं विकत घेऊन खायलीस?” मला उत्तर सुचलं नाही. गोठवणं, शीतपेट्या, वाहतूक याला पैसे लागतात हे मला कळतं. तरी दहापट हा आकडा डोक्यातून जात नाही.

मग त्याच्याकडचं वाळलेलं सोयाबीन आणून करून पाहिलं. रात्रभर भिजवायचं, कुकरला दोन शिट्ट्या, निथळून पुसायचं आणि १७० अंशांवर २५ मिनिटं. कच्चं सोयाबीन पचायला बाधतं, म्हणून शिट्ट्या चुकवायच्या नाहीत. याचा दाणा कडक होतो, फुटाण्यासारखा फुटतो आणि बरणीत आठवडाभर कुरकुरीत राहतो. एडामामेचा गोडवा याला नाही. पण रोजच्या डब्याला आता हेच देते, आणि हिरवं पाकीट पाहुण्यांसाठी किंवा रविवारसाठी आणते.

भाऊ ‘फुले संगम’ हा वाण लावतो. ते धान्याचं सोयाबीन. एडामामेसाठी मोठ्या, गोड दाण्याचे वेगळे वाण असतात. रांचीच्या कृषी संशोधन केंद्राने ‘स्वर्ण वसुंधरा’ नावाचं भाजीचं सोयाबीन काढलं आहे, ते मी त्याला कळवलं. बियाणं कुठे मिळतं याची चौकशी तो करतोय. तोवर यंदा त्याने बांधालगतच्या दोन ओळी माझ्यासाठी फवारणीविना ठेवल्यात. फवारलेल्या रानातली हिरवी शेंग खायची नाही, हे त्यानेच मला दोनदा बजावलं. महालक्ष्म्यांना गावी जाईन तेव्हा एअर फ्रायर गाडीत घालून नेणार आहे. दाणे भरलेले असतील पण शेंग पिवळी पडलेली नसेल, तेव्हाच तोडायच्या आणि आईसमोर पहिला घाणा काढायचा.